देवजीबाबा त्या दिवशी ओहोळात होते

आधीच कबूल करते... या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते, आणि तेही निव्वळ टाइमपास म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस — असं काही आलं की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी पोटभर हसायचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्या, स्लाइड, मायक्रोस्कोप. काचेखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, इतका साधा माझा हिशेब. त्यात वडील विज्ञानाचे मास्तर. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर त्याला दूध मिळायचं, आणि लिंबू-मिरची घरात यायची ती फक्त लोणच्यासाठी.

तरीही माझ्या बाबतीत एक गोष्ट घडलीय. घाबरू नका, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उलट आठवली की मला हसूच येतं. पण तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णव सालची. मी पाचवीत होते. आम्ही मूळचे येवल्याकडचे, पण अण्णांची — म्हणजे वडिलांची — बदली पेठ तालुक्यातल्या एका शाळेवर झालेली. नाशिकहून पेठ रोडने एसटीने निघालं, की सावळ घाटाच्या अलीकडे एक फाटा लागतो. तिथे उतरायचं आणि चार-पाच किलोमीटर चालत आत जायचं. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. शाळेच्या मागे आम्हाला दोन खोल्या होत्या, खोल्यांच्या मागे भाताची खाचरं, आणि खाचरांच्या पलीकडे सागाच्या झाडांतून वाहत येणारा ओहोळ.

हा ओहोळ म्हणजे माझं सगळं बालपण! पण चोरून. कारण आमचं घर माळकरी. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. आणि मी... मी रोज दुपारी मासे धरायचे.

मला या नादाला लावलं मंजीने. मंजुळा, माझ्याच वर्गातली, शेजारच्या वस्तीवरची. आणि तिला शिकवलं होतं तिच्या आजोबांनी, देवजीबाबांनी. सत्तरीचे असतील तेव्हा. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. आणि दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळे. मंजी जन्मायच्या आधीच त्यांची नजर गेली होती. पण पंचक्रोशीत त्यांच्यासारखा मासे धरणारा नव्हता. मंजीच्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत टेकत ओहोळापर्यंत यायचे, पाण्यात बसायचे, आणि दगडाच्या दोन्ही बाजूंनी हात आत सरकवायचे. सावकाश. जणू झोपलेल्या पोराच्या पाठीखाली हात घालतायत. आणि बाहेर काढायचे तेव्हा ओंजळीत मासा.

मला सुरुवातीला जमायचंच नाही. मासा दिसला की मी झडप घालायचे आणि हातात फक्त गाळ यायचा. बाबा खो खो हसायचे.

"गुरुजीची पोर लय हुशार," ते म्हणायचे, "पर डोळे लय वापरते. डोळे मीट. मासा पळाल्यावर डोळ्याला समजतं. हाताला आधी समजतं."

मला ते नावाने कधीच हाक मारत नसत. कायम 'गुरुजीची पोर'.

घरी जाताना राखेने हात घासायचे आणि वरून निरगुडीचा पाला चोळायचा, म्हणजे माशांचा वास जातो. आई विचारायची, "रोज रोज हा निरगुडीचा वास कसला गं?" मी सांगायचे, मंजीच्या आईचे गुडघे दुखतात, तिला पाला आणून देते. आई त्यावर इतकी खूश, की एकदा तिने माझ्याबरोबर मंजीच्या आईसाठी तिळाच्या तेलाची बाटली पाठवली! त्या माउलीला शेवटपर्यंत कळलं नाही, की मास्तरीणबाई आपल्या धडधाकट गुडघ्यांची इतकी चौकशी का करतात.

तर... ती दिवाळीची सुट्टी होती. पावसाळा सरून ओहोळाचं पाणी उतरलेलं, डोंगराच्या उतारांवर खुरासणी पिवळी फुललेली, आणि मोठी माणसं सगळी भातकापणीला. आमचं राज्य! या दिवसांत मासे धरायची एक खास रीत असते — डोह उपसायचा. आमच्या ओहोळावर एका जागी मोठ्या खडकामुळे पाण्याच्या दोन धारा व्हायच्या. त्यातली एक धार एका गोल डोहात पडायची. त्या धारेच्या तोंडाशी दगड, माती आणि पाला रचून बांध घालायचा, म्हणजे सगळं पाणी दुसऱ्या धारेने निघून जातं. मग डोहातलं पाणी घमेल्याने उपसत राहायचं. पाणी गुडघ्याइतकं झालं, की मासे हातात.

पण बाबांशिवाय हे काम करायला मनाई होती. "डोहाला फसवायचं असतं तवा मोठं माणूस पाहिजे," असं ते म्हणायचे. आणि नेमके ते दोन दिवसांपूर्वी मंजीच्या आत्याकडे, दुसऱ्या गावाला गेले होते. मंजीचे वडीलच त्यांना सोडून आले होते. आठवडाभर काही येणार नव्हते.

आम्ही दोघींनी ठरवलं, आपण मोठ्याच झालोय की.

सकाळी उठले तर अण्णा घरात नव्हते. आई म्हणाली, "कुणाला तरी बरं नाहीये, जीपवाला बोलवायला आला होता. दवाखान्यात सोबतीला नाशिकला गेलेत." यात नवल काही नव्हतं. गावात कुणी आजारी पडलं की लोक अण्णांना बरोबर न्यायचे, कारण दवाखान्यातले कागद वाचायला, डॉक्टरांशी बोलायला मास्तर बरे पडतात. मला तर आनंदच झाला. अण्णा संध्याकाळशिवाय येत नाहीत! मी भाकरी बांधून घेतली आणि पळाले.

आम्ही डोहावर पोचलो तेव्हा अकराचा सुमार असेल. आणि बघतो तर... देवजीबाबा पाण्यात बसलेले.

डोहाच्या कडेला पाण्यात एक सपाट दगड आहे, त्यांची नेहमीची बसायची जागा. कमरेपर्यंत पाणी, डोकं उघडं, तोंडावर हसू.

"आल्या का चोरट्या?" ते म्हणाले.

मंजी तर आनंदाने ओरडलीच. "बाबा! कवा आलात? आत्यानं सोडलं?"

"आलो."

"कोणी आणलं? काठी कुठंय?"

"ऱ्हायली," ते म्हणाले. "बांध घाला आता. गप्पा नको."

मला आज विचाराल तर सांगते, तेव्हा मला तसूभरही वावगं वाटलं नाही. मंजीलाही नाही. आत्याकडे करमलं नसेल, कुणीतरी बैलगाडीत घालून आणून सोडलं असेल. त्या वयात मोठी माणसं कुठून येतात आणि कुठे जातात याचा विचार कोण करतं? चोरी पकडली गेली, तरी बाबा रागावले नव्हते, एवढंच आमच्यासाठी पुरेसं होतं.

आम्ही बांध घातला. उपसायला लागलो. दोन घमेली, एक ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि आमची गाणी. बाबा दगडावरूनच सूचना द्यायचे. पाणी जसजसं उतरलं तसतशी मज्जा वाढत गेली. झिंगे पायाला टोचायला लागले, मळे मासे उड्या मारायला लागले. मंजीने एक सापासारखी लांब वाम धरली आणि ती तिच्या झंपरमध्ये शिरली, तेव्हा मी इतकी हसले की गाळात बसले. बाबाही हसत होते, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाकरी खायला बोलावलं तर म्हणाले, "मला भूक नाय. तुम्ही खा."

मग मला ती कपार दिसली.

डोहाच्या तळाशी दोन मोठे दगड एकमेकांना टेकलेले आणि मध्ये काळोखी फट. आत काहीतरी मोठं हललं. मी वाकून हात घातला, पोचेना. म्हणून एक पाय फटीत रोवला, जरा पुढे झुकले... आणि पाय घसरून घोट्यापर्यंत आत गेला. ओढला. निघेना. पुन्हा ओढला. आणखी घट्ट बसला.

मी मंजीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वरच्या अंगाला धप्प असा आवाज झाला. आमचा बांध फुटला होता.

पाणी कसं आलं ते सांगते. काही भिंतीसारखं वगैरे नाही. नुसतं भरभर भरत आलं, नळाखाली बादली भरावी तसं. गुडघे... कंबर... मंजी मला बगलेत धरून ओढत होती आणि रडत होती. भरलेला डोह माझ्या डोक्याच्या वर असतो हे मला माहीत होतं. मी ओरडत होते की नाही, आठवत नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा मला आईच्या निरगुडीच्या प्रश्नाची आठवण झाली आणि वाटलं, आता सगळंच कळणार घरी.

बाबा पलीकडच्या दगडावरून उठले. आणि चालत आले. सरळ. हे मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते — हात पुढे करून चाचपडत नाही, पायाने तळ शोधत नाही, डोळस माणूस अंगणातून यावा तसे सरळ माझ्यापर्यंत आले. मंजीला बाजूला केलं.

"ओढू नको," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "ओढशील तितका बसंल. आत ढकल पाय. आत. मी सांगीन तवा फिरव."

आणि ते पाण्याखाली गेले. माझ्या घोट्याला त्यांचा हात लागला आणि मी दचकले. तो हात गरम होता. गरम म्हणजे किती... पाणी थंडगार, माझे पाय बधिर झालेले, आणि तो हात चहाच्या भरलेल्या पेल्यासारखा. त्या हाताने माझा पाय बाहेर नाही, उलट आणखी आत ढकलला. मग हळूच फिरवला. टाच सुटली. पाय बाहेर.

मी आणि मंजी काठावर पडलो, एकमेकींच्या अंगावर, खोकत. मागे वळून बघते तर बाबा पाण्यातून वर येतायत, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात मरळ! कोपरापासून बोटांपर्यंत लांब, काळी, वळवळणारी मरळ.

"एक हात गुरुजीच्या पोरीला, एक हात हिला," असं म्हणून ते हसायला लागले. "बघ गं, मासा कपारीत अडकला तर मागं नाय ओढत. पुढं जातो, मग वळतो. तुमी माणसंच येडी."

आणि काय सांगू... आम्हीही हसायला लागलो. दोन मिनिटांपूर्वी मी मरत होते, आणि आता तिघेही त्या ओहोळात असे हसत होतो की सागावरचे पक्षी उडाले.

उन्हात कपडे वाळवले. सागाच्या पानांवर माशांचे वाटे घातले. बाबा पुन्हा दगडावर जाऊन बसले होते, पाण्यातच. मंजी त्यांना न्यायला गेली तर म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मला न्यायला माणूस येतोय." आणि मला म्हणाले, "आज घरी खरं सांग बरं का. लय झाला पाला."

निरगुडीचं त्यांना कुणी सांगितलं होतं? मंजीने असेल. तेवढं मी मंजीवर सोडून देते.

चार वाजता आम्ही मंजीच्या घरी पोचलो. मरळ हंड्यात सोडली. मंजीच्या आईने विचारलं, "एवढी मोठी कोणी धरली?"

"बाबांनी," मंजी म्हणाली. "ते डोहावर बसलेत. येतायत."

तिच्या आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"बाबा कुठले इथं? बाबांना सकाळी लय ताप भरला म्हून आत्यानं जीप केली. नाशिकला नेलंय त्यांना, तू गेल्यावर निरोप आला. गुरुजी गेलेत सोबत."

यापुढची संध्याकाळ मी थोडक्यात सांगते, कारण ती वाईट होती. मंजीचे वडील आणि आणखी दोघे ओहोळावर धावत गेले. दगड रिकामा. आजूबाजूला कुणी नाही. ते तसेच परत आले, आणि मंजीची आई रडायला लागली. सगळ्यांना एकच अर्थ लागत होता — म्हातारा गेला, आणि जाताना पोरींना भेटून गेला. गावात फोन नव्हता. रात्रभर वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. आमच्या घरी मी खरं सांगितलं. सगळं... मासे, पाला, पाय. आई मारेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझा घोटा हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

तुम्हीही आता हेच म्हणत असाल ना? म्हातारा गेला असणार म्हणून? या सदरातल्या गोष्टी अशाच संपतात, माहितीये मला.

सकाळी पहिल्या एसटीने अण्णा आले. फाट्यापासून चालत चालत. वस्तीवर सगळे जमलेले, बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. अण्णा बघतच राहिले. म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

 मंजीच्या वडिलांनी विचारलं, "गुरुजी... कवा गेले?"

"कोण? देवजीबाबा?" अण्णा म्हणाले. "अहो, पहाटे ताप उतरला. उठून बसलेत. चहा-पाव मागितला, एक पाव पुरेना म्हणून दुसरा मागितला. सिस्टरशी भांडतायत, घरी सोडा म्हणून. आत्या आहे त्यांच्याजवळ."

आणि मग जो गलका झाला! मंजीची आई हसतेय की रडतेय कळेना. रडायला म्हणून जमलेल्या बायांनी तिथेच चुलीवर चहा टाकला. एक म्हातारी म्हणाली, "मंग आमी रातभर कोणासाठी रडलो?" आणि सगळी वस्ती हसत सुटली.

अण्णांना मात्र माझी गोष्ट कळल्यावर ते हसले नाहीत. दोघींना समोर बसवून एकेक प्रश्न विचारला, उलटतपासणी घेतल्यासारखा. किती वाजता? कुठे बसले होते? काय बोलले? मंजीला वेगळं विचारलं, मला वेगळं. उत्तरं जुळली. मग म्हणाले, "शक्य नाही. साडेदहापासून मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसलो होतो. त्यांना शुद्ध नव्हती. सलाइन चालू होतं. काठी त्यांच्या खाटेखाली होती." मग विचारलं, "हात गरम होता म्हणतेस?"

"हो."

"किती गरम?"

मी पेल्याचं सांगितलं. अण्णा उठून बाहेर गेले. परत आल्यावर त्यांनी निकाल दिला — पोरी घाबरल्या होत्या, भीतीत मनाला आधार लागतो, नेहमी बरोबर असणारा माणूस दिसल्यासारखा वाटतो. पाय माझा मीच सोडवला. मंजीने मदत केली. आणि मरळ? मरळ पण मीच धरली म्हणे. म्हणजे बुडता बुडता, एका हाताने!

पाच दिवसांनी बाबा घरी आले. सगळी वस्ती जमली, आम्हीही गेलो. जीपमधून उतरले, मंजीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझा आवाजही आला नव्हता, तरी माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "गुरुजीची पोर, पाय बरा हाय का?"

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते जीपच्या चाकाकडे बघत होते.

मंजीच्या आईने हंडा पुढे आणला. मरळ अजून जिवंत होती, पाणी बदलून बदलून बाबांसाठी ठेवलेली. तिला हात लावायच्या आधी बाबा म्हणाले, "शेपटी फाटलेली असंल तिची." होती. उजवीकडे चांगली बोटभर फाटलेली. आमच्यापैकी कुणी ते बघितलंही नव्हतं.

अण्णा म्हणाले, "आत्या मधे गावात येऊन गेल्या का?" नव्हत्या आल्या. "मग कुणी भेटायला गेलं होतं?" मंजीचे वडील गेले होते, एकदा. "तुम्ही सांगितलंत?" ते म्हणाले, "पायाचं सांगितलं असंल, गुरुजी. शेपटीचं मला कुठं ठावं?" अण्णांनी मान हलवली आणि विषय तिथेच सोडला.

त्या मरळीचा रस्सा झाला. बाबांनी दोनदा मागून घेतला. मीही खाल्ला, उघडपणे, आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा ओट्यावर बसून डोंगराकडे बघत होते, जणू काही डोंगर आजच तिथे आणून ठेवलाय.

पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर ओहोळावर आले. म्हणाले, "आधी पोहायला शिक. मग काय करायचं ते कर." स्वतः काठावर बसून वह्या तपासायचे, आणि बाबा मला पाण्यात हात-पाय मारायला शिकवायचे. वह्यांवर इतके शिंतोडे उडाले, की पोरांना वाटायचं मास्तर आपले निबंध वाचून रडतात. पुढची पाच वर्षं, आमची बदली होईपर्यंत, आमच्या सगळ्या सुट्ट्या अशाच गेल्या. माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे दिवस आले नाहीत, आणि हे मी नवऱ्यासमोर लिहिते आहे.

गाव सोडताना मी बाबांना विचारलंच. "बाबा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

"खाटेवर," ते म्हणाले. "गुरुजी सांगत नाय का?"

"मग ओहोळात कोण होतं?"

ते हसले. "तू सांग की. मी आंधळा, तुला डोळे हायत."

त्यानंतर ते पाच-सहा वर्षं जगले आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले. मंजीचं पत्र आलं तेव्हा मी नाशिकला डीएमएलटी, म्हणजे लॅबचा कोर्स, करत होते. मंजी आज त्याच गावात अंगणवाडीसेविका आहे. तिची मुलगी पोहते.

आता शेवटचं. हे मला गेल्या वर्षी कळलं, अण्णा रिटायर होऊन नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळ आमच्या घरी राहायला आल्यावर. एका दुपारी गॅलरीत बसलो होतो. माझी मुलगी आंघोळीच्या टबात तासभर खेळून आली आणि अण्णांना बोटं दाखवू लागली, "आजोबा, बघा, माझी बोटं म्हातारी झाली!" पाण्यात राहून सुरकुतलेली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिची बोटं धरून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"त्या दिवशी अडीचच्या सुमाराला देवजीबाबांनी बेशुद्धीतच माझं मनगट धरलं होतं. आधी पुढे ढकललं. मग फिरवलं. काहीतरी पुटपुटले, ते ऐकू आलं नाही. मी हात सोडवून घेतला आणि चादरीवर ठेवला, तर बोटं अशी होती. दहाही. आणि नखांत ओला गाळ. सकाळी सिस्टरने माझ्यासमोर त्यांचे हात पुसले होते."

 मी म्हटलं, "अण्णा, इतकी वर्षं? का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? मी वर्गात पोरांना बजावायचो, प्रयोगवहीत जे दिसलं ते निरीक्षणात लिहा, आणि निष्कर्ष कळला नाही तर ती जागा कोरी सोडा, पण खोटं भरू नका. आणि घरी तुला खोटं भरून दिलं. मनाचा खेळ म्हणून." ते थोडं हसले. "घाबरलो होतो गं. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."

मी लॅबमध्ये रोज रिपोर्ट लिहिते. या गोष्टीचा रिपोर्ट मला अजून लिहिता आलेला नाही. वाचकांपैकी कुणाला जमला तर जरूर कळवा, अण्णाही वाचतील, आणि उलटतपासणीही घेतील. तोवर निष्कर्षाची जागा आम्ही दोघांनी कोरी ठेवली आहे. निरीक्षण मात्र पक्कं आहे — पाणी गळ्याशी आलं होतं, पाय सुटला, आणि ज्याने सोडवला तो हसत होता.